सावळीरामचा सत्कार

कुंदन निमंत्रण द्यायला वावरात आला तेव्हा सावळीराम कांदे खांडत बसला होता. उजवा गुडघा दुमडत नव्हता, म्हणून तो पाय समोर लांब केलेला आणि डावा मांडीखाली. डाव्या हातात कांद्याची पात धरायची, मानेशी विळा लावायचा, एक झटका दिला की कांदा एकीकडं नि वाळकी पात दुसरीकडं. दिवस उगवल्यापासून हेच चाललं होतं. बोटांच्या पेरांत कांद्याचा चीक बसून काळा झाला होता. शेजारी बायको भिमाबाई आणि तिच्या पलीकडं सून राखी. तिघांच्या मागं तांबूस ढीग वाढत होता, पण पुढं अजून निम्मं वावर उपटून तसंच पडलं होतं.

एप्रिलचा महिना. खडकपिंपरीत सगळ्यांचे उन्हाळ कांदे एकदमच काढणीला आलेले, त्यामुळं मजूर कुणालाच मिळत नव्हता. पोरगा सुयश सिन्नरच्या कंपनीत, त्याला रजा नाही. मोबाइलवर रोज अवकाळीचा निरोप यायचा. आभाळ मात्र तव्यासारखं तापलेलं.

कुंदननं मोटारसायकल बांधाला लावली आणि ढेकळं तुडवत आला. पस्तिशीचा गडी. सिन्नरात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं त्याचं. लहानपणी सावळीरामच्याच हाताखाली कबड्डी शिकला, आता प्रगती तरुण मंडळाचा अध्यक्ष झाला होता.

"काका, रविवारी सांच्याला पाच वाजता मोकळे राहा," तो उकिडवा बसत म्हणाला.

"का रे?"

"तुमचा सत्कार ठेवलाय मंडळानं. शाळेपुढच्या पटांगणात. पाव्हणे बोलवलेत."

सावळीरामचा विळा थांबला. "माहा सत्कार? आन् कशापायी? मी काय मेलो का?"

"शुभ बोला जरा," भिमाबाई म्हणाली.

"मंडळ काढलं तुमी. पोरं घडवली, आता पोरी घडवल्या. मागच्या साली आपल्या पोरी जिल्ह्याला खेळल्या. गावानं काहीतरी करायला पाह्यजे का नाय?"

"करा की. पण कांदे घरात जाऊ द्या मंग करा."

"पाव्हण्यांची तारीख मिळाली ना काका. त्यांची परत कव्हा मिळायची?" कुंदन उठला. पँटला चिकटलेली पात झटकत त्यानं भिमाबाईकडं पाहिलं. "काकू, तुमीबी स्टेजवर बसायचं."

"मी खालीच बरी. वर बसलं का झोप येती मला."

कुंदन हसत गेला. मोटारसायकलीचा आवाज दूर गेल्यावर राखी म्हणाली, "मामा, आता नवा शर्ट शिवावा लागंल."

पुढचे चार-सहा कांदे सावळीरामनं जरा जास्तच झोकात खांडले, हे भिमाबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा उजाडायच्या आत मैदानाकडं निघाला. एका हातात रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची बादली, दुसऱ्या हातात काठी. काठी मागच्या दिवाळीपासून आली होती. मैदान म्हणजे गावाबाहेरच्या गायरानाचा एक तुकडा. तरुणपणी एका कंपनीच्या कबड्डी संघातून खेळून तो गावी परत आला, तेव्हा तिथं नुसते धोंडे होते. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतल्या पोरांना घेऊन त्यानं ते वेचले, बैलगाडीनं माती आणून टाकली आणि पाण्यानं चोपून घेतली. तेव्हापासून पाऊसकाळ सोडला तर एक दिवस असा गेला नव्हता, की सावळीरामनं सकाळी पाणी शिंपून पांढऱ्या रेघा मारल्या नाहीत.

आज तो पोचला तर रेघा मारलेल्या होत्या.

दोरी लावून मारलेल्या, सुतासारख्या सरळ. पाणीही शिंपून झालं होतं. मैदानात मुली पळत होत्या, आणि मधे निळी ट्रॅकपँट घातलेला एक तरणाबांड माणूस शिट्टी वाजवत उभा होता.

सावळीराम बादली घेऊन कडेला थांबला. संघाची कॅप्टन सायली त्याला बघून धावत आली. बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली, उंच, काटक पोर. सावळीरामचा जुना मित्र निवृत्ती, त्याची ही नात. पण तिचा बाप त्याला काका म्हणायचा आणि तीही काकाच म्हणायची. गावात पोरासोरांपासून सगळ्यांचा तो काकाच.

"काका, हे सिन्नरचे सर. कुंदनदादांनी बोलवलंय," ती धापा टाकत म्हणाली. "जिल्ह्याच्या मॅचेसपर्यंत येणारेत. तुमाला सांगितलं नाय का त्यांनी?"

"सांगितलं असंल. माह्या ध्यानात नसंल राह्यलं," सावळीराम म्हणाला.

सर स्वतःच पुढं आले आणि वाकून त्याच्या पाया पडले. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय काका. मुली एकदम तयार आहेत. मला फार काही करावं लागणार नाही."

माणूस वाईट नव्हता. सावळीराम थोडा वेळ बघत राहिला. सरांनी एका मुलीला चढाईवरून परत येताना अंग कसं वळवायचं ते दाखवलं. ते बरोबर होतं, आणि सावळीरामला कधी सुचलं नव्हतं. त्याला मनातल्या मनात ते कबूल करावं लागलं, आणि त्यामुळंच जास्त लागलं.

भरलेली बादली घेऊन तो परत फिरला. येताना तिचं ओझं वाटलं नव्हतं, आता वाटलं. कडी बोटांत रुतत होती. वाटेत दोनदा हात बदलायला थांबला.

गावच्या चौकात चहाच्या टपरीवर निवृत्ती बसलेला. त्यानं बादलीकडं पाहिलं, मग सावळीरामच्या तोंडाकडं.

"भरली नेली आन् भरली आणली?"

"नवीन सर आलेत."

"हां. आता कळलं का सत्कार कशाचा हाय ते?" निवृत्ती बशीत चहा ओतत म्हणाला. त्याचा स्वभावच खोडीचा. "आमच्या साडूचा केला होता सोसायटीत. शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी गेला तर खुर्चीवर दुसराच बसलेला. सत्कार चालू माणसाचा नसतो सावळ्या, बंद पडलेल्याचा असतो."

तो हसला, पण सावळीराम हसला नाही. तेव्हा निवृत्तीनं दुसरी बशी त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, "आरं गंमत केली. पी."

सावळीरामनं चहा प्यायला. मग बादली उचलून वावराची वाट धरली.

*

त्यानंतर दोन दिवस तो मैदानाकडं फिरकला नाही. कांद्यालाच भिडला. खांडलेले कांदे पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घेऊन बांधाशी न्यायची, ढीग घालायचा आणि वरून पात झाकायची. भिमाबाई पाटी उचलून द्यायची. गुडघ्यात कळ आली की तो ओठ आवळायचा आणि पाऊल टाकायचा. दुपारी राखी भाकरी आणि ठेचा घेऊन आली की लिंबाखाली तिघं बसायची. उन्हानं जमिनीवरून झळा निघत. पश्चिमेला डोंगराच्या माथ्यावर आता एखादा पांढरा ढग दिसू लागला होता.

शनिवारी भाकरी खाताना तो म्हणाला, "मी उद्या जाणार नाय."

"कुठं?" भिमाबाईनं विचारलं.

"सत्काराला. एवढे कांदे उघडे पडलेत."

"कांद्याचं नाव नका सांगू. दोन दिस झाले, मैदानाकडं पाय वळला नाय तुमचा. मी इचारलं नाय म्हणून मला दिसत नाय असं हाय का?"

राखी उठली आणि पाण्याची घागर आणायच्या निमित्तानं लांब गेली. सावळीरामनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"बैल म्हातारा झाला का त्याला झूल घालून मिरवायचा आन् मंग दावणीला बांधायचा. तसलं हे हाय. नवा सर आणला, मला इचारलंबी नाय. सांगायचं तरी होतं तोंडावर."

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

तो हातातला तुकडा मोडत राहिला.

"मागच्या महिन्यात फक्की मारताना खाली बसलात ते उठता येईना. दोन पोरींनी काखेत धरून उठवलं. राखीला कळलं, तिनं मला सांगितलं. तुमी घरी येऊन काय बोललात? तर चप्पल तुटली म्हणून उशीर झाला." भिमाबाईनं ठेच्याची वाटी त्याच्याकडं सरकवली. "माह्यावर नका रागवू. गुडघ्याला इचारा."

"मंग काय घरी बसू?"

"ते मला नाय ठाऊक. पण पोरं मायेनं करू राह्यलीत. त्यांच्या तोंडावर दार नका लावू."

सावळीरामनं उरलेली भाकरी खाल्ली, हात धुतले आणि विळा उचलला. संध्याकाळपर्यंत तो खांडत राहिला. पण रात्री राखीनं खुंटीवर नवा पांढरा शर्ट अडकवला, तेव्हा नको म्हणाला नाही.

*

रविवारी सकाळपासून हवा कोंदलेली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. दुपारनंतर पश्चिमेचा ढग फुगत गेला, खालून काळा पडला. सुयश दुसऱ्या पाळीला गेलेला. ताडपत्री होती, पण एकट्यादुकट्याला ओढता येईल अशी नव्हती.

"मी इथंच थांबते," राखी म्हणाली. "पाऊस आला तर जमंल तेवढं झाकते. तुमी दोघं जा."

शर्टाची घडी मोडत सावळीराम दोनदा मागं वळला. भिमाबाईनं दंडाला धरून त्याला चालवलं.

शाळेपुढं मंडप घातला होता. ढग बघून पोरांनी मंडपावर मोठी ताडपत्री ताणून बांधली होती. स्टेजच्या मागं भला थोरला फ्लेक्स, त्यावर सावळीरामचा फोटो. फोटोत त्याला इतकं गोरं केलं होतं, की भिमाबाई पहिल्यांदा म्हणाली, "हे कोण म्हणायचं?" अख्खं गाव लोटलं होतं. पुढं मंडळाची पोरं, एका बाजूला मुलींचा संघ, त्यांच्याजवळ सिन्नरचे सर. बाया भिमाबाईला सरकून जागा करून देत होत्या.

सावळीरामला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. एप्रिलच्या उकाड्यात शालीखाली घामाच्या धारा लागल्या. आधी कुंदन बोलला, मग निवृत्ती माइकसमोर आला. हा आता काय खोडी काढतो म्हणून सावळीराम सावरून बसला.

"मी भाषण करणारा माणूस नाय," निवृत्ती म्हणाला. "एकच सांगतो. मंडळ निघालं तव्हा वस्तीतली पोरंच खेळायची. गावातलं कोणी जायचं नाय. मी गेलो. कबड्डीत काय करावं लागतं? समोरच्याचा पाय धरावा लागतो, कंबर धरावी लागती. मी सावळ्याचा पाय धरला आन् आमच्या वडलांनी पाह्यलं. घरात घेतलं नाय मला. हिरीवर आंघोळ घातली, कपडे भिजवले, मंग आत."

सायली मान वर करून आजोबाकडं बघत होती. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी मी हिरीवर गेलो, आधीच आंघोळ केली आन् ओल्या डोक्यानं मैदानात आलो. सावळ्या म्हणला, हे काय? मी म्हणलो, खेळून गेल्यावर करायची ती आत्ताच उरकून आलो, आता मोकळ्या मनानं धर." लोक हसले. निवृत्तीही हसला, मग त्यानं माइक जवळ ओढला. "त्याच्या जागी मी असतो तर मला गावातला पोरगा नको होता. त्यानं मला घेतलं. आज माही नात त्याच्या हाताखाली खेळती. बास. एवढंच."

तो खाली उतरला. सावळीरामनं फेट्याचा शेव नाकाला लावला. घाम पुसला म्हणावं तर घाम कपाळावर होता.

मग पाहुणे उठले. जिल्ह्याच्या ठिकाणचे होते, बोलायची सवय होती. युवाशक्ती म्हणजे काय, राष्ट्र म्हणजे काय, तिथून त्यांनी सुरुवात केली. ते बोलत असताना पहिली वाऱ्याची झुळूक आली आणि धुळीचा वास आला. सावळीरामनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पश्चिमेकडं पाहिलं. ढगानं अर्धं आभाळ व्यापलं होतं.

त्यानं मंडपाकडं पाहिलं. एकूण एक माणूस तिकडंच बघत होता. पहिल्या रांगेतले म्हातारे माना वाकड्या करून, बाया पदर सावरायच्या निमित्तानं. भिमाबाईचे ओठ हलत होते, बहुतेक राखीचं नाव घेत होती. प्रत्येकाचे कांदे उघडे होते. प्रत्येकजण खुर्चीच्या कडेवर आला होता, पण उठत कुणीच नव्हतं. काकाच्या सत्कारातून मधेच कसं उठायचं? शेवटच्या रांगेतला एक गडी अर्धा उठला आणि शेजाऱ्यानं डोळे वटारले तसा परत बसला.

दूर गडगडलं. पाहुणे म्हणाले, "निसर्गही टाळ्या वाजवतो आहे."

सावळीरामच्या लक्षात आलं, की ही सगळी माणसं आपल्यापायी इथं बांधली गेलीत. आपण सोडल्याशिवाय सुटायची नाहीत.

तो नारळ काखेत मारून उठला. दुखऱ्या पायानं दोन ढांगा टाकून माइकशी गेला आणि पाहुण्यांचा हात अलगद बाजूला केला.

"पाव्हणं, माफी करा. पाऊस आलाय. ज्याचे ज्याचे कांदे उघडे हायती त्यानं पळा!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला.

"थांबा, थांबा!" सावळीराम माइकमध्ये ओरडला. "पोरांची टीम निवृत्तीच्या मळ्यात, तिथं म्हातारीच हाय घरी! दुसरी टीम..."

पण माइक केव्हाच बंद पडला होता, आणि त्याचं ऐकायला पुढं कुणी नव्हतं. सायलीनं खाली उभं राहून आधीच आवाज टाकला होता. "मुली माह्यासंगं! सर, तुमीबी चला. कुंदनदादा, मंडपाची ताडपत्री सोडा, ती आमच्या आजीकडं न्या! फ्लेक्सबी काढा!"

पोरं खांबांवर चढली. दोऱ्या सुटल्या. ताडपत्री खाली आली. सावळीरामचा गोरा चेहरा मधोमध दुमडून चार पोरांच्या खांद्यावरून पळत गेला. निवृत्ती त्यांच्यामागून ओरडत होता, "आरं, तोंड वर करून टाका! तेवढंच पावसाला भ्या वाटंल!" मुली शॉर्टकटनं बांधावरून धावत गेल्या, मागं निळ्या ट्रॅकपँटीतले सर. पाहुण्यांची गाडी सिन्नरच्या रस्त्याला लागली.

रिकाम्या मंडपात सावळीराम शाल पांघरून उभा राहिला. फेटा वाऱ्यानं सुटून गळ्यात आला होता. कुणी काय करावं हे सांगायची त्याची जन्माची सवय. तोंड अजून उघडंच होतं, आणि सांगायला काहीच शिल्लक नव्हतं.

"आवो, उभे काय राह्यलात?" भिमाबाईनं हाक दिली. एका पोराची मोटारसायकल तिनं थांबवून ठेवली होती.

*

दोघं मागं बसून वावराशी पोचली तेव्हा टपोरे थेंब पडू लागले होते. राखी पदर खोचून ताडपत्रीचं एक टोक धरून उभी होती आणि मुली आधीच पोचल्या होत्या. वारा ताडपत्री फुगवून हातातून ओढत होता. सायलीनं मुलींना एकमेकींच्या मनगटांत मनगटं घालायला लावली, चढाई करणाऱ्याला घेरताना साखळी धरतात तशी, आणि सगळी रांग ताडपत्रीच्या काठावर वजन टाकून मागं सरकू लागली. सर गुडघ्यावर बसून काठावर धोंडे रचत होते. त्यांची ट्रॅकपँट आता निळी राहिली नव्हती.

सावळीराम लंगडत मधे शिरला. "तिकडून ओढा, तिकडून! वारा त्या अंगानं..."

"काका, दोरीवर उभे हायत तुमी," सायली दातावर दात दाबून म्हणाली. "बाजूला व्हा जरा."

तिनं उर्मटपणानं म्हटलं नव्हतं. हात अडकले होते, दम लागला होता, दोरी त्याच्या पायाखाली होती आणि तो अडचण होत होता, एवढंच. जन्मात त्याला मैदानातून कुणी बाजूला हो म्हटलं नव्हतं.

सावळीराम बाजूला झाला.

लिंबाखाली भिमाबाई उभी होती. तिनं त्याच्या अंगावरची शाल काढली आणि दोघांच्या डोक्यावर धरली. पाऊस आता सरळ कोसळत होता. समोर मुली चिखलात घसरत होत्या, पडत होत्या, पण हात सोडत नव्हत्या. एक पडली की दोघी तिला उभी करत आणि रांग परत मागं सरकत होती. ताडपत्री तसूतसूनं ढिगावर चढली, पलीकडं उतरली, आणि सायली ओरडली, "बांध!" राखीनं गाठ मारली.

"झाकलं," भिमाबाई म्हणाली.

तिनं वळून सावळीरामकडं पाहिलं. त्याचा सगळा चेहरा ओला होता आणि तो हसत होता. आवाज न करता, पोट हलवून, लहान पोर हसावं तसा.

"काय झालं?"

"मला म्हणली, बाजूला व्हा," तो म्हणाला. "आन् माह्यावाचून काही अडलं नाय गं. काहीच अडलं नाय."

*

पाऊस जसा आला तसा गेला. वावराला लागूनच त्यांचं घर. पडवीत मुली, सर, राखी सगळी चिखलानं माखून बसली होती. राखीनं मोठ्या पातेल्यात चहा चढवला. थोड्या वेळानं कुंदन आणि पोरं निवृत्तीला घेऊन आली. निवृत्तीचे दोन वाफे कांदे भिजले होते, बाकीचे वाचले होते.

"तुहं तोंड लय कामाला आलं," निवृत्ती सावळीरामजवळ टेकत म्हणाला. "चाळीस वर्षांत पह्यल्यांदा."

हसणं ओसरल्यावर सावळीरामनं कुंदनकडं पाहिलं. "एक इचारतो. खरं सांग. मला काढलं का रे मंडळातून?"

कुंदननं कपातला चहा फिरवला.

"काढायचं कसं काका, मंडळच तुमचं. पण तुमचा पाय पाहावत नव्हता. रोज पहाटे तुमी बादली घेऊन निघायचे आन् कवातरी पडाल म्हणून पोरींचा जीव वर-खाली. तुमाला नको म्हणायची छाती कुणाची? मंग सगळ्यांनी ठरवलं, सर आणू. आन् तुमाला वाईट वाटू नये म्हणून..."

"म्हणून सत्कार."

"हो," कुंदन मान खाली घालून म्हणाला.

"मंग हा बरोबरच बोलला होता," सावळीराम निवृत्तीकडं बोट करून म्हणाला आणि मोकळा हसला. "तोंडावर सांगितलं असतंस तर शिव्या दिल्या असत्या मी तुला."

"म्हणून तर नाय सांगितलं."

"बरं केलं. दोन दिस शिव्या मनातल्या मनात दिल्या, त्या फुकट गेल्या." त्यानं सरांकडं वळून हात जोडले. "सर, तुमचं चालू द्या. मी येत जाईन. पण दिवस वर आल्यावर येईन आन् कडंला बसंन. आन् मला राहावलं नाय आन् मी मधेच ओरडलो, तर तेवढं पोटात घाला."

"ओरडा काका," सर म्हणाले. "मलाही ओरडा."

शाल सायलीच्या खांद्यावर होती, तिला हुडहुडी भरली होती. भिमाबाईनं नारळ फोडला. ज्याला मिळाला त्यानं तुकडा घेतला. पाणी कुणी प्यायलं ते अंधारात कळलं नाही.

*

सकाळी लख्ख ऊन पडलं. सावळीराम आणि भिमाबाईनं ताडपत्री उघडली, कडेचे दमट झालेले कांदे पाटीनं बाहेर काढले आणि उन्हात पसरायला घेतले. ओल्या मातीचा आणि कांद्याचा उग्र वास वावरभर दाटला होता.

"एक मातुर राह्यलं," भिमाबाई म्हणाली. "तुमचं भाषण राह्यलं. सत्काराला उत्तर द्यावं लागतं म्हणतात."

"राह्यलं कुठं? दिलं की मी."

"कव्हा?"

"एका वाक्यात अख्खं गाव पळालं. एवढं भारी भाषण पंचक्रोशीत कुणी केलंय का आजपर्यंत?"

भिमाबाईला असं हसू आलं की तिला हातातली पाटी खाली ठेवावी लागली. पदरानं डोळे पुसून ती परत पाटी उचलायला वाकली. सावळीरामनं तिचं मनगट धरलं, बांधावर टेकला आणि दुखरा पाय ऐसपैस लांब केला.

"बस गं जरा," तो म्हणाला. "कांदे कुठं पळून नाय चालले."